अक्काची बिनऑर्गनची कॅसेट

अक्का आमच्याकडं आली तेव्हा मी हापशावर रांगेत उभी होते. शेजारीण पळत आली आणि म्हणाली, "तुमच्या दारात ती गानारी हुबी हाय. कॅसेटवरली." दुष्काळाचं वर्ष होतं, रांग कुणी सोडली नाही, पण माना सगळ्यांच्या आमच्या गल्लीकडं वळल्या. मी घागरी तिच्या हवाली केल्या आणि निघाले.

कॅसेटवरली गाणारी म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. गल्लीत मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं की पुढं सगळे तिच्याविषयीच विचारत बसतात, हे मला लग्नाआधीपासून ठाऊक होतं.

दारात ती एकटीच होती. हातात एक कापडी पिशवी, पायात साध्या चपला, केसांची नुसती गाठ. त्याआधी मी तिला नांदेडला बघितलं होतं ते स्टेजवर. अंगावर चमकीची साडी, मागं ड्रमसेट, एका बाजूला इलेक्ट्रिक गिटारवाला, दुसऱ्या बाजूला ऑर्गनवाला, आणि तिचा आवाज तीनतीनदा घुमवणारं इकोचं यंत्र. गाणी तिची स्वतःची, चालीही तिच्याच. कॉलेजची पोरं बाकांवर उभी राहून नाचत होती. आता ती आमच्या उंबऱ्यावर बसून पायावरची धूळ झटकत होती आणि म्हणत होती, "चार दिवस राहू का गं? का जागा नाही?"

जागा खरंच नव्हती. दोन खोल्या, मधे पाण्याचा ड्रम. पण मी म्हणाले, "हे काय विचारणं झालं?"

आम्ही दोघी उदगीरच्या. अप्पांचं कापडाचं दुकान होतं आणि दर सोमवारी दुकान लवकर बंद करून ते घरी शिवाचं भजन लावायचे. पुरुष पुढं बसत, बायका दाराआड. पण आम्हा दोघींना अप्पा स्वतःजवळ बसवून घेत, कारण अक्काचा गळा. नवव्या-दहाव्या वर्षीच ती ओळ अशी टाकायची की टाळकरी क्षणभर टाळ वाजवायचे विसरत. आणि मी तिची झील धरायची. म्हणजे तिनं ओळ सोडली की तिचा शेवटचा तुकडा उचलून परत द्यायचा, तिला श्वास घ्यायला वेळ मिळावा म्हणून. झील धरणाऱ्याचं नाव कुणी घेत नाही. लोक उठताना अक्काच्या डोक्यावर हात ठेवत आणि मला म्हणत, "तूबी चांगलं करतीस."

अक्का शिकायला नांदेडला मावशीकडं गेली आणि परत आलीच नाही. कॉलेजच्या गॅदरिंगला गायली, मग गाणी रचायला लागली, मग ऑर्केस्ट्रा काढला. लग्नाला सरळ नाही म्हणाली. उदगीरच्या बाजारात अप्पांना माणसं हसून विचारायला लागली, "मालक, पुढचा प्रोग्राम कुठं हाय?" त्यानंतर आमच्या घरातलं सोमवारचं भजन थांबलं. टाळ पोत्यात बांधून माळ्यावर गेले. मी तेव्हा घरातच होते, माझा गळाही घरातच होता, पण तो कुणाला आठवला नाही. वर्षाच्या आत माझं लग्न लावून दिलं. पुढं काही वर्षांनी अप्पा वारले.

माझे मालक सरकारी पाणीपुरवठ्यात ड्रायव्हर. लग्नानंतर आम्ही उस्मानाबादला होतो. मग लातूर वेगळा जिल्हा झाला आणि तिकडची माणसं इकडं वाटून दिली, त्यात आम्ही लातूरला आलो. तेव्हाचं लातूर म्हणजे रोज एक नवा बोर्ड. काल जिथं भुसार मालाची आडत होती तिथं आज कुठलं तरी जिल्हा कार्यालय. रंगाचा वास जायच्या आत लोक हार घालायला जमायचे. आणि पाठोपाठ दुष्काळ आला. मालकांच्या हाती टँकर दिला. पहाटे निघायचे, रेणापूर, चाकूरकडच्या वाड्यावस्त्यांवर खेपा करायचे आणि तिन्हीसांजेला लाल डोळे घेऊन परत यायचे. गल्लीतल्या बायांना वाटायचं टँकरवाल्याच्या घरात पाण्याला काय तोटा. प्रत्यक्षात मी त्यांच्याच रांगेत उभी असायची.

तर अक्का आली. चहा झाल्यावर मी विचारलं, "पार्टी कुठं हाय तुझी?"

"मोडली," ती म्हणाली. "मीच मोडली."

मग तिनं सांगितलं ते असं. अहमदपूरच्या बसस्टँडवर ती चहाला थांबली होती. हॉटेलात तिचीच कॅसेट लागली होती. चहा करणारा माणूस कॅसेटसोबत गुणगुणत होता. अक्काला फार बरं वाटलं. जरा पुढं सरकून तिनं कान दिला तर तो ऑर्गनची धून गुणगुणत होता. कडवं आलं की गप्प, ऑर्गन आला की सुरू. तिनं त्याला विचारलं, "दादा, गाणं कशावर हाय हे?" तो म्हणाला, "काय की बाई, पन म्यूझिक जबरदस्त हाय."

"इतकी वर्षं लिहून राहिले मी," अक्का म्हणाली, "आणि लोकांना पाठ काय, तर ऑर्गन. आता एक कॅसेट अशी काढायची की तिच्यात लपायला जागाच नको. माझा गळा, एक तुणतुणं आणि आपल्या घरी होतं तसं. अप्पांच्या भजनासारखं."

आपल्या घरी होतं तसं, हे ऐकलं आणि कपबशा उचलता उचलता मी थांबले. तसं म्हणजे ती आणि मी. नाहीतर ती माझ्या दारात कशाला येईल? नांदेडला तिला मैत्रिणी होत्या, घर होतं. ती मला न्यायला आली होती. तोंडानं ती काही बोलली नाही, आणि मीही विचारलं नाही, पण दुसऱ्या दिवशी हापशाकडं जाताना मी मनातल्या मनात झील धरून बघितली. ज्येष्ठमध चघळलं. भाकरी थापता थापता सूर लावला तर आवाज चिरकला, मग परत लावला, मग जरा बरा लागला. इतकी खूश मी लग्नातही नव्हते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मालक लवकर आले. टँकरच्या स्प्रिंगचा पाटा तुटला होता, गाडी वर्कशॉपला लावली होती, आठवडाभर तरी निघणार नव्हती. ते जेवायला बसले. अक्का भिंतीला टेकून तुणतुण्याची तार पिळत होती आणि नवीन गाण्याची ओळ घोळवत होती.

"आडाच्या तळाला आभाळ पडलं,
दोर पुरंना गं, दोर पुरंना..."

मी परातीत पीठ मळत होते. 'दोर पुरंना' माझ्या ओठांवर आलं होतं. मी हात पुसून तिच्याजवळ बसणार, तेवढ्यात मालकांच्या ताटाकडून टकटक ऐकू आली. मालक जेवता जेवता डाव्या हाताच्या बोटांनी रिकाम्या वाटीवर ठेका धरत होते. साधा नव्हे. ओळ संपते तिथं ते एक क्षण थांबत आणि मग दोन बोटं अशी टाकत की ती ओळ जणू पुढं ढकलली जाई.

अक्का गायची थांबली. "पाव्हणं, हे काय वाजवलंत?"

मालकांनी हात मागं घेतला. "काय नाही अक्का. उगं आपलं."

"उगं न्हाई. परत वाजवा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मीही त्यांच्याकडं बघत होते. माझ्या माहितीत या माणसाला गाण्याचा गंध नव्हता. रेडिओवर बातम्या ऐकायचे आणि बंद करायचे. त्यांनी खाली मान घालून परत वाजवलं, अक्कानं ओळ टाकली, आणि 'दोर पुरंना' जिथं मी म्हणणार होते तिथं त्यांनीच हळूच म्हटलं. जाडाभरडा, डिझेलनं खाल्लेला आवाज. पण सुरात. अगदी सुरात.

"कुठं शिकलात?" अक्का गुडघ्यांवर उठून बसली होती.

"आमच्या गावी भजन असायचं. आमचे वडील एकतारी धरायचे, मी दिमडी."

"दिमडी हाय का अजून?"

"भावाकडं हाय. चाकूरला."

दिमडी म्हणजे हातात धरून बोटांनी वाजवायचं लहान, एका बाजूनं कातडं ताणलेलं वाद्य. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते चाकूरला जाऊन ती घेऊन आले. जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली होती. त्यांनी ती माझ्या चुलीपुढं धरली, कातडं शेकलं, नखानं वाजवून बघितलं, परत शेकलं. त्यांचा चेहरा मी कधी असा बघितला नव्हता. आमची पोरगी जन्मली तेव्हाही ते हसले होते, पण ते सगळ्यांसारखं हसणं होतं. हे वेगळं होतं. या माणसासोबत मी इतके दिवस एका ताटात जेवले, त्याची बनियनं धुतली, त्याच्या तापात रात्री जागले, आणि ही बोटं मला ठाऊक नव्हती. माझ्या बहिणीला ती तीन दिवसांत ठाऊक झाली.

पुढचा आठवडा माझ्या घरात गाणं होतं आणि मी स्वयंपाकघरात होते. सकाळी उठले की ते दोघं सुरू. ती म्हणायची, "पाव्हणं, इथं दम घ्या, घाई नको." ते म्हणायचे, "अक्का, तुम्ही इथं ओळ लवकर सोडताय, मला पकडता येईना." ती हसायची. नांदेडच्या गिटारवाल्याची हिंमत नव्हती म्हणे तिला असं सांगायची. गल्लीतल्या बाया पाण्याच्या वेळेव्यतिरिक्त कधी दारात यायच्या नाहीत, त्या आता लेकरं कडेवर घेऊन उंबऱ्यावर बसायला लागल्या. घरमालकीण, आडत्याची बायको, लई कडक बाई. तीसुद्धा एकदा ऐकून गेली आणि जाताना मला म्हणाली, "तुमच्या घरवाल्यांचा हात लई गोड हाय हो. तुम्ही नशीबवान."

मी भांडी जरा जोरात आपटली. बाहेरच्या खोलीतून अक्का ओरडली, "अगं हळू, ठेका चुकतोय!"

मला तिच्या रूपाचा राग नव्हता. तसलं काही नव्हतं, आणि नव्हतं म्हणून जास्त जड जायचं. तसलं असतं तर चार लोकांत बोलता आलं असतं, आईकडं रडता आलं असतं. आईला आम्ही अव्वा म्हणायचो. तिला काय सांगणार होते? की तुझी थोरली माझ्या नवऱ्याबरोबर गाते आणि दोघं माझ्यापासून दोन हात अंतरावर, उघड्या दारात, सगळ्या गल्लीसमोर बसलेले असतात? हसली असती ती. मला दोघांचाही हेवा वाटायचा. तिच्याकडं बघितलं की वाटायचं, हा माझा नवरा आहे. त्यांच्याकडं बघितलं की वाटायचं, ही माझी जागा आहे, ही झील माझी आहे, तुम्ही कोण मधे आलात? एकाच्या रागाचं टोक दुसऱ्यात घुसलेलं होतं. भाजीत मीठ दोनदा पडायचं.

एकदा भाकरी वाढताना मी सहज बोलावं तसं म्हणाले, "अक्का, लहानपणी झील मी धरायचे, आठवतंय?"

"आठवतंय की," ती म्हणाली. तोंडात घास होता. "तुझा आवाज माझ्याचसारखा होता. एका रंगाचे दोन धागे. आता मला खालचा, जाड आवाज पाहिजे होता. पाव्हण्यांचा बरोबर बसला."

तिनं हे मला दुखवायला म्हटलं नव्हतं. गाण्याचं काय ते सांगितलं होतं. मी तिला अजून एक भाकरी वाढली.

रेकॉर्डिंग नांदेडला ठरलं. टँकर अजून वर्कशॉपलाच होता, म्हणून मालकांनी तो दुरुस्त होईपर्यंतची रजा टाकली. मी पोरीला शेजारणीकडं ठेवलं आणि म्हणाले, "मीपण येते." दोघंही "चल की" म्हणाले. एसटीत तिघांच्या बाकावर मी मुद्दाम मधे बसले. तरी चाकूर सोडलं नाही तोवर ते माझ्या डोक्यावरून एकमेकांशी बोलायला लागले. ती खिडकीशी गुणगुणायची, ते पुढच्या बाकाच्या दांडीवर बोटं टाकायचे, आणि मी दोघांच्या मधे गाठोड्यासारखी. बाहेर काळी रानं भेगाळून पडली होती. रस्त्याच्या कडेला दुष्काळी कामावरची माणसं खडी फोडत होती. मालक एका वळणावर बोट दाखवून म्हणाले, "त्या वस्तीवर माझी खेप असती." अक्का लगेच म्हणाली, "कशी हाय वस्ती?" मी कधी विचारलं नव्हतं. लोह्याच्या पुढं झोप लागल्यासारखं करून मी डोळे मिटून घेतले.

रेकॉर्डिंगची जागा म्हणजे एका जुन्या दोनमजली घराची वरची खोली. भिंतींना सतरंज्या आणि गोणपाट ठोकलेलं. रेकॉर्ड करणारे काका शांत गृहस्थ होते, कानावर हेडफोन, पुढं टेपचं मोठं मशीन. त्यांनी अक्काला विचारलं, "बाई, इको किती देऊ?"

"अजिबात नको."

"थोडासा? आवाज उघडा पडंल."

"पडू द्या."

त्यांनी मान हलवली आणि एकच माईक मधे उभा केला. अक्का त्याच्या या बाजूला, मालक त्या बाजूला, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ. मी कोपऱ्यात बसले. पहिली ओळ झाली आणि काकांनी मशीन थांबवलं. "काहीतरी किणकिणतंय." सगळ्यांनी इकडंतिकडं बघितलं. माझ्या हातात हिरव्या बांगड्या होत्या, भरगच्च. मी पदर सारखा केला असेल. काका ओशाळून म्हणाले, "ताई, बांगड्या काढता का? न्हाईतर जरा बाहेर..."

सवाष्ण बाईनं बांगड्या कशा काढायच्या? मी उठले आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले. दार लोटलं गेलं.

व्हरांड्यातून सगळं ऐकू येत होतं. दाराआडून ऐकू आलं म्हणून असेल किंवा चेहरे दिसत नव्हते म्हणून असेल, मला पहिल्यांदा ते गाणं गाण्यासारखं ऐकू आलं. अक्काचा आवाज स्टेजवर कधी ऐकला नव्हता इतका साधा होता. तो म्हातारा झाला होता थोडा. वरच्या सुरावर जाताना तो चाचपडायचा, आणि तिथं खालून मालकांचा आवाज यायचा, 'दोर पुरंना', आणि तिला धरून ठेवायचा. दिमडी थांबून थांबून बोलायची. चांगलं होतं ते. मला इतकं वाईट वाटलं की गाणं वाईट असतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

मधे चहाची सुट्टी झाली. मालक बाहेर आले, कपाळाचा घाम पुसत माझ्याशेजारी बसले. मी म्हणाले, "घरी कधी वाजवलं न्हाई ते."

त्यांनी घामाचा रुमाल घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाले, "तुला कुणी सांगितलं न्हाई व्हय?"

"काय?"

"सोयरीक जमवायला आलो तवा तुझ्या अप्पांनी एक अट घातली होती. म्हणाले, पोराला सरकारी नोकरी हाय, घर चांगलं हाय, पण घरात वाद्य येता कामा नये. एक पोरगी गाण्यापायी गेली, दुसरी देताना मी नीट बघून देणार. आमचे वडील तिथंच उठणार होते. मी म्हणालो, बसा."

"आणि तुम्ही हाव म्हणालात?"

"हाव म्हणालो." ते बशीतून चहा प्याले. "दिमडी भावाकडं ठेवली. कुठं पळून थोडीच जाणार होती."

"पण अप्पा गेल्यावर तरी..."

"गेल्यावर काय? शब्द त्यांच्याबरोबर थोडाच जातो. तुझी बहीणच म्हणाली परत वाजवा, मग वाटलं, ज्यांच्यापायी अट होती त्याच सांगतायत, तर आता काय."

ते आत गेले. मी तिथंच बसले. मला वाटलं होतं हे ऐकून माझा जीव थंड होईल. माझ्यासाठी एका माणसानं एवढं सोडलं होतं. पण थंड झाला नाही. उलट अक्कावरचा राग आणखी खोल गेला. ती गेली म्हणून भजन बंद झालं, ती गेली म्हणून माझ्या नवऱ्याचे हात बांधले गेले, माझ्या घरात इतकी वर्षं सूर आला नाही, आणि आता ती परत येऊन ते हात सोडवते, स्वतःसाठी. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे यात तिची काही चूकही नव्हती. तिला अट ठाऊकच नव्हती.

संध्याकाळी गोदावरीच्या घाटावर आम्ही तिघं बसलो. पाणी पार मधोमध आटलं होतं. मालक भजी आणायला गेले तेव्हा मी अक्काला अटीचं सांगितलं. तिनं आटलेल्या पात्राकडं तोंड फिरवलं. मग म्हणाली, "म्हणजे मी तुझं दोन्हीकडून नेलं."

मी पायरीवरचा एक खडा उचलून खालच्या वाळूत टाकला.

"उद्या शेवटचं गाणं हाय. तू झील धर. बांगड्यांवर रुमाल बांधू."

इतके दिवस मी हेच ऐकायला थांबले होते. पण ज्या रीतीनं ती म्हणाली, त्यात भरपाई होती, गाण्याची गरज नव्हती. एका रंगाचे दोन धागे हे तिचंच म्हणणं. मी म्हणाले, "नको. गाणं बिघडंल."

"हाव," ती म्हणाली. "जरा बिघडंल." ती खोटं बोलली नाही, हे मला आवडलं आणि झोंबलंही.

कॅसेट दसऱ्याच्या आसपास आली. तोवर थोडाफार पाऊस झाला होता. वरती अक्काचा फोटो, साध्या सुती साडीतला, मालकांचं नाव आतल्या बाजूला, बारीक अक्षरात. लातुरात कलेक्टर ऑफिससमोरच्या टपऱ्यांवर ती वाजायला लागली. पूर्वीसारखं कुणी नाचायचं नाही, पण सायकल थांबवून माणसं ऐकायची. एकदा भाजी घेताना मी ऐकलं, भाजीवाली टोमॅटो तोलता तोलता म्हणत होती, आडाच्या तळाला आभाळ पडलं. शब्द सगळे बरोबर. मला लगेच अक्काला सांगावंसं वाटलं. मग वाटलं, तिला सांगणारे खूप असतील. पण नंतर सांगितलं. पोस्टात जाऊन फोन लावून सांगितलं. ती पलीकडून रडली.

जिल्ह्याच्या एका मोठ्या समारंभात त्यांचा कार्यक्रम झाला. मंडपात पहिल्या रांगेत मला बसवलं. स्टेजवर दोघंच, सतरंजीवर, कडेला तुणतुण्यावाला. टाळ्या पडत होत्या. शेजारी एक साहेबाची बायको बसली होती, नवीनच बदलून आलेली. तिनं हळूच विचारलं, "त्या तुमच्या कोण?"

"थोरली बहीण."

"आणि ते दिमडीवाले?"

"ते माझे मालक."

"अगंबाई, दोघंही तुमचेच!" ती म्हणाली.

मी हसले. आपली माणसं आपली म्हणून सांगताना माणसाला जे वाटतं ते मला वाटत होतंच. पण हात मांडीवर घट्ट आवळलेले होते आणि ओठ, कुणाला दिसणार नाही इतके, झील धरत होते.

घरी आता दिमडी खुंटीवर असायची. एका रविवारी दुपारी मालक स्वतःहून म्हणाले, "म्हण की तू. मी वाजवतो." पोरगी बाहेर खेळत होती. मी लाजत, पदर तोंडाला लावत, अप्पांच्या भजनातलं एक पद म्हटलं. त्यांनी ठेका धरला. छान चाललं होतं. मग ते म्हणाले, "इथं जरा थांबत जा. अक्का इथं थांबते."

मी गायचं बंद केलं आणि तांदूळ निवडायला घेतले. त्यांना आपण काय बोललो ते लगेच कळलं. त्यांनी माफी मागितली नाही, त्यांना ती येत नसे. पण त्यानंतर मी म्हणायला बसले की ते मी जिथं थांबेन तिथं थांबायचे, मी जिथं धावेन तिथं धावायचे. कधीमधी बेताल व्हायचं. गल्लीतल्या बाया त्यासाठी उंबऱ्यावर आल्या नाहीत.

दोन-तीन वर्षं ते अक्काबरोबर जात राहिले. भोकर, देगलूर, उदगीर, कुठं कुठं. मग नोकरीतून सुट्टी मिळेना. अक्का म्हणाली, काही हरकत नाही पाव्हणं, बघते मी. आणि तिनं देगलूरकडचा एक दिमडीवाला बघितला. चांगला तयार माणूस, तेलुगू-मराठी दोन्ही बोलणारा. त्याच्यासोबत तिनं पुढची कॅसेट काढली. तीही बिनऑर्गनची.

कॅसेट घरी आली तेव्हा मालक कामावरून नुकते आले होते. त्यांनी हातपाय धुतले, टेपरेकॉर्डर पुढ्यात घेतला आणि लावली. मी दारात उभी राहून त्यांचा चेहरा बघत होते. पहिल्या गाण्याला त्यांची बोटं गुडघ्यावर हलली. दुसऱ्याला थांबली. तिसऱ्याला त्यांनी आवाज कमी केला, परत वाढवला. मला तो चेहरा ओळखीचा होता. आरशात बघितलेला होता तो मी, त्या वर्षी, रोज.

"जड हाय ना हात त्याचा?" ते म्हणाले.

मी जवळ जाऊन बसले. मला त्यांची दया आली, आणि थोडी मजाही वाटली, आणि त्याच्या खाली तीच जुनी कळ उठली. हा माणूस माझ्यासाठी असा कधी जळला नव्हता. मी कुणाबरोबर गाईन, कुणाबरोबर नाही, याची त्याला कधी काळजी पडली नव्हती. जळायचं तेही माझ्या बहिणीवरूनच.

देगलूरच्या त्या माणसाचा हात खरं तर फुलासारखा होता. मालकांपेक्षा तयार. कान असलेल्या कुणालाही ते कळलं असतं आणि मालकांना तर कळलंच होतं.

"लई जड," मी म्हणाले. "तुमची सर न्हाई."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी खोटं बोलतेय हे त्यांना समजलं असावं. त्यांनी कॅसेट उलटी केली आणि आम्ही दुसरी बाजू ऐकायला बसलो.